पालघाटावर खर्ऱ्याची पिचकारी : नागपूरच्या भिंती रंगवून घेणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
नागपुरातल्या पुलांचे खांब, संरक्षक भिंती आणि सरकारी कंपाउंडं चित्रांनी सजवून घेणारे सर्व अधिकारी, अभियंते, सल्लागार आणि ठेकेदार

स. न. वि. वि.

हिवाळी अधिवेशन जवळ आलं की आपल्या शहरात दोन वास एकदम येतात, एक डांबराचा आणि दुसरा रंगाचा. खड्डे बुजतात, दुभाजकांना पट्टे चढतात आणि सपाट भिंत दिसेल तिथे गेरूच्या रंगावर पांढरी माणसं नाचू लागतात. पाहुणे परदेशातले असोत की मुंबईहून येणारे आमदार, नाचणारी माणसं तीच असतात. तुमच्या कामाच्या कागदावर त्याला नाव असतं, 'थीम : आदिवासी कला'.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवतो. त्यांतली काही पुढे चित्रकलेच्या महाविद्यालयात जातात आणि सुट्टीत परांचीवर चढून तुमच्याच भिंतींवर चौरस फुटाच्या दराने रंग भरतात. त्यामुळे तुमचा कागद, त्यासोबतची डिझाइनची फाइल आणि नंतर रंगलेली भिंत, तिन्ही माझ्या नजरेखालून जातात. भिंती रंगवू नका असं माझं म्हणणं नाही. नुसत्या राखाडी सिमेंटपेक्षा रंगवलेली भिंत मला केव्हाही बरी वाटते. पण ज्या खुणा तुम्ही त्या भिंतीवर चढवता त्या कोणाच्या, कुठे काढायच्या, कधी काढायच्या आणि कोणी काढायच्या, हे एकदाही विचारलं जात नाही. तक्रार तेवढीच आहे, आणि ती लहान नाही.

एका पुलाखालचा खांब घ्या. पूल कोणता ते लिहीत नाही, कारण तसे खांब बरेच आहेत. चारही बाजूंनी नक्षीची चौकट. आत हात पसरून उभी असलेली एक आकृती, तिच्या अंगावर रेघांची जाळी, आजूबाजूला झाडं, वर सूर्य आणि चंद्र. खाली कमरेच्या उंचीला खर्ऱ्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या, पिचकाऱ्या पडून पडून गेरू काळपट झालेला. रंगवणाऱ्या मुलाला विचारलं, हे काय काढलंस? तो म्हणाला, 'सर, फाइलमध्ये होतं. बॉर्डर चांगली दिसते म्हणून मोठं केलं.'

ती बॉर्डर म्हणजे वारल्यांचा लग्नचौक आणि आतली आकृती म्हणजे पालघाट देवी. पालघर जिल्ह्यात, डहाणू-तलासरीपासून जव्हार-मोखाड्यापर्यंत, वारली घरात लग्न निघालं की घरातल्या भिंतीवर हा चौक काढला जातो. कारवीच्या काड्यांची कुडाची भिंत, तिच्यावर माती आणि शेणाचं सारवण, गेरूचा हात, आणि त्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. चौक काढतात सवाशिणी. लग्न लावते तीही बाईच, तिला धवलेरी म्हणतात. ती गाणी म्हणत देवांना बोलावते आणि लग्न त्या चौकाच्या साक्षीने होतं. चौक नसेल तर लग्न पुरं होत नाही. पालघाट ही झाडापानांची, पिकाची, वाढीची देवी. तिच्या चौकात बाशिंग असतं, फणी असते, शिडी असते, सूर्य-चंद्र असतात. शेजारच्या लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या असतो, ज्याच्या धडातून धान्याची कणसं फुटलेली दिसतात. ज्या घरात नवी सून येणार, तिथे पुढच्या पिकाची आणि पोराबाळांची मागणी या दोघांकडे करायची असते. या चित्राला मुळात प्रेक्षक नाहीत. ते देवीसाठी आहे, आणि त्या घरासाठी.

आता आपल्या शहरातली दुसरी एक चाल आठवा. लोक ज्या कोपऱ्यात आडोशाला उभे राहतात तिथे आपण देवादिकांच्या टाइल्स लावतो. गणपती, साईबाबा, क्रूस, चांद-तारा, सगळे एका रांगेत. उपाय चालतो, कारण देव ओळखीचे आहेत. म्हणजे भिंतीवरच्या चित्रात देव असू शकतो आणि त्याच्यावर थुंकायचं नसतं, हे नागपूरकराला शिकवावं लागत नाही. पालघाटावर तो बिनदिक्कत थुंकतो, कारण ती देवी आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. थुंकणाऱ्याचा मला राग येतोच. पण तिला तिथे, गटाराच्या वर आणि पार्किंगच्या शेजारी, कोणी आणून उभं केलं? फाइल मंजूर करताना एवढं एक विचारलं असतं तर पुढचं टळलं असतं.

तारपा नाचाचंही तसंच. सगळ्यात जास्त वेळा रंगवलं जाणारं चित्र हेच असेल. सुकवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानाचा कर्णा, असं ते लांब वाद्य. ते वाजवणारा मध्ये, आणि कमरेला हात घालून बायका-पुरुषांची साखळी त्याच्याभोवती वळत जाते. साखळीला एक डोकं असतं आणि एक शेपूट. ती सापासारखी वळते, आत शिरते, बाहेर उलगडते. नाचणारे तारपाकऱ्याकडे पाठ करत नाहीत. तुमच्या स्टेन्सिलमध्ये मात्र दहा-बारा माणसांचा बंद गोल असतो, आणि मध्ये जागा उरली म्हणून तिथे कुठे एखादा लोगो, कुठे 'माझे शहर, सुंदर शहर'. काही खांबांवर तर तारपाकरी गोलाच्या बाहेर, तोंड रस्त्याकडे करून उभा आहे. नवव्या वर्गातल्या पोरीने मला विचारलं होतं, 'सर, हे नाचून कोणासाठी राहिले?' मी हसलो, पण प्रश्न बरोबर होता.

इथे कोणी म्हणेल, मास्तर सोवळेपणा करतात. आधीच सांगतो, तसं नाही. वारल्यांनी स्वतः आपल्या चित्रात आगगाडी आणली, सायकल आणली, विमान आणलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर गेले, कागद आणि रंग दिले, आणि भिंतीवरचं चित्र कागदावर आलं. तोवर हे प्रामुख्याने बायकांचं काम होतं. कळंबीपाड्याच्या जिव्या सोमा मशे यांनी लग्नाचा प्रसंग नसतानाही, केवळ सांगण्यासारखं काही आहे म्हणून चित्रं काढली. मासेमारीचं अख्खं जाळं, मुंग्यांची रांग, पेरणी, गोष्टी. त्यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. म्हणजे वारली चित्राचा देवघरातला भाग वेगळा आणि गोष्ट सांगणारा भाग वेगळा, ही वाटणी खुद्द वारली चित्रकारांनी केलेली आहे. ओला कचरा-सुका कचरा सांगणारी वारली माणसं काढलीत तर मला त्यात पाप दिसत नाही. चित्र बेचव होईल, एवढंच. पण लग्नचौक उचलून किनार म्हणून वापरणं ही दुसरी गोष्ट झाली.

फाइलींबद्दल आणखी एक. तुमच्याकडे 'वारली' म्हणून जी चित्रं फिरतात त्यांतली बरीच वारली नसतातच. ती ओडिशाच्या रायगडा-गजपती भागातल्या सौरा लोकांची असतात, इंटरनेटवरून उतरवलेली. दोन्हीकडे त्रिकोणी माणसं असल्यामुळे गल्लत होते, पण थोडं पाहिलं की फरक कळतो. वारली माणसाचे दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे असतात. सौरा माणूस लांबट, त्याची टोकं इतकी बोचरी नसतात. सौरा चित्रात आधी चौकट बांधली जाते आणि मग आत आत भरत जातात. त्यांना इडिताल म्हणतात. घरात दुखणं आलं, कोणी वारलं, पीक नीट यावं असं वाटलं, की पूर्वजांसाठी आणि देवतांसाठी भिंतीवर हे घर काढायचं आणि त्यांना तिथे येऊन राहा म्हणून विनवायचं. आपल्या एका भिंतीवर अशा एका पूर्वजाच्या घरावर गॅस एजन्सीचा फोन नंबर लिहिलेला आहे.

राठवा आणि भिलालांचा पिठोरा तर आणखी कडक. गुजरातचा छोटा उदेपूर आणि त्याला लागून मध्य प्रदेशातला अलीराजपूर, हा त्याचा मुलूख. नवस बोलायचा, तो फेडताना घराच्या ओसरीतल्या भिंतीवर पिठोरा देवाचं लग्न काढायचं. भिंत कुमारिका सारवतात. रंगात दूध आणि मोहाची दारू मिसळतात. चित्र काढणारे लखारा, पुरुषच. घोडेच घोडे, आणि प्रत्येक घोडा म्हणजे कोणीतरी देव किंवा पूर्वज. चौकटीच्या खाली दार, दारावर वाघ. काम संपलं असं लखारा ठरवत नाही. बडवा, म्हणजे त्यांचा भगत, अंगात आलं की उभा राहून एकेक घोडा तपासतो, कोणी राहून गेला का ते सांगतो, आणि तो पुरं म्हणाला की पुरं. ही तपासणी मला फार आवडते. तुमच्या अभियंत्याची मोजमाप-वही आणि बडव्याची तपासणी या दोन्हींत काम पुरं झालं का हाच प्रश्न असतो. एकीकडे टेप लावतात, दुसरीकडे नावं विचारतात.

आता आपल्या घरचं बोलू. नागपूर हे गोंडवनातलं शहर आहे. देवगडच्या बख्त बुलंद शाहने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बारा खेड्यांना जोडून ते वसवलं. गोंड राजांची वास्तू महालात अजून आहे. चंद्रपूरच्या परकोटावर हत्तीला वश करणारा सिंह कोरलेला आहे, तो गोंड राजांचा खूण-शिक्का. आपल्या पूर्वेला गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून गोंड लोक येतात. दक्षिणेला गडचिरोलीत माडिया, यवतमाळात कोलाम आणि परधान, वायव्येला मेळघाटात कोरकू. आणि आपण सुशोभीकरणाला राज्याच्या दुसऱ्या टोकाचं, समुद्राजवळचं चित्र आणतो. का? मला एकच कारण दिसतं. ते एका रंगात होतं, स्टेन्सिल कापायला सोपं आहे, आणि बिघडलं तरी तुम्हा-आम्हाला कळत नाही.

हे मी एका बैठकीत बोललो तर लगेच उत्तर आलं, 'मग यंदा गोंड पेंटिंग घेऊ, सर. ठिपकेवालं.' म्हणूनच जरा सविस्तर लिहितो, नाहीतर माझ्या या पत्राचा परिणाम एवढाच व्हायचा की पुढच्या डिसेंबरात वारलीच्या जागी ठिपक्यांची हरणं येतील.

ज्याला आज बाजारात गोंड पेंटिंग म्हणतात, ते आपल्या विदर्भातल्या गोंडांच्या भिंतीवरून आलेलं नाही. ते मध्य प्रदेशातल्या दिंडोरी जिल्ह्यातल्या पाटणगढ गावच्या परधानांचं. परधान म्हणजे गोंडांचे गायक आणि वंशावळ सांगणारे. साजाच्या झाडाखाली, ज्याला आपण ऐन म्हणतो, बडादेवाचं स्थान असतं. परधान तिथे बाना वाजवून त्याला जागवतो आणि यजमानाच्या घराण्याची कथा गातो. त्या भागातल्या घरांच्या भिंतींवर आणि अंगणात बायका डिगना काढतात, पांढरी छुई, पिवळी रामरज आणि गेरू यांची सरळ भौमितिक नक्षी. भोपाळचं भारत भवन हे कलाकेंद्र १९८२ मध्ये उघडलं. त्याआधी चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी गावोगाव पाठवलेल्या तरुणांना पाटणगढमध्ये एका भिंतीवरचं चित्र दिसलं. ते काढणारा जनगढ सिंह श्याम. तेव्हा तो विशीतसुद्धा नव्हता किंवा जेमतेम असेल. जनगढने बान्यावर गायले जाणारे देव पहिल्यांदा रंगात उतरवले. त्याच्या आधी त्या देवांना दिसेल असं रूप कोणी दिलेलं नव्हतं. तो १९८९ साली पॅरिसला पोचला, भोपाळच्या विधान भवनात त्याची भित्तिचित्रं आहेत, आणि २००१ साली जपानमधल्या एका संग्रहालयात काम करत असताना, चाळिशीही गाठली नसताना, त्याने जीवन संपवलं. त्याच्या मागून भाऊबंद, पुतणे, भाचे, सुना अशी सगळी पाटणगढ मंडळी उभी राहिली. भज्जू श्याम यांना २०१८ मध्ये आणि दुर्गाबाई व्याम यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

या मंडळींचं एक वैशिष्ट्य तुमच्या फाइलीत कुठेच नसतं. आकृतीच्या आत जे भरतात, ठिपके, कंगोरे, मासोळीचे खवले, बीजाच्या रांगा, ती भरण प्रत्येकाची वेगळी. जाणकार माणूस भरण पाहून चित्र कोणाचं ते सांगतो. ती त्यांची सही आहे. मग कोणाच्या तरी भरणीवरून हरीण उतरवून पुलाच्या खांबावर मारणं म्हणजे चेकवर दुसऱ्याची सही ठोकण्यातलाच प्रकार झाला. ठेकेदाराला हे मी सांगितलं तर तो म्हणाला, 'लोकायले डिझाइन पायजे सर, काहानी कोणाले पायजे.' त्याचं चुकत नाही. त्याला दर डिझाइनचाच मिळतो.

कहाणी मात्र आपल्याकडे आहे, आणि नागपूरजवळच गोळा झालेली आहे. स्टीफन हिस्लॉप हा मिशनरी, ज्याच्या नावाचं कॉलेज आपल्या शहरात आहे, त्याने एका परधानाच्या तोंडून लिंगोचं, म्हणजे गोंडांच्या आद्य गुरूचं, गोंडी गीत उतरवून घेतलं. हिस्लॉप १८६३ मध्ये वारला आणि त्याचे कागद तीन वर्षांनी छापून आले. त्या गीतात गोंड देव गुहेत कोंडले जातात, तोंडावर मोठी शिळा बसवली जाते, चार भाऊ तेवढे बाहेर राहतात. लिंगो त्यांना सोडवायला निघतो. त्यासाठी त्याला समुद्राकाठच्या बिंदो पक्ष्याची पिलं आणावी लागतात आणि ती पिलं खाणाऱ्या नागाला मारावं लागतं. ही गुहा कचारगडची, असं गोंड भाविक मानतात. दरेकसा स्टेशनला उतरून दर वर्षी हजारो माणसं तिथे जातात ती यासाठीच. नागपुरातच राहून गोंडी भाषा आणि धर्माचा आयुष्यभर अभ्यास केलेले मोतीरावण कंगाली २०१५ मध्ये गेले. त्यांनी आणि त्यांच्या बरोबरीच्या लोकांनी ही कथा समाजात आज ज्या रूपात सांगितली जाते ती मांडली. त्यात जंगो रायताड ही देवी आहे आणि आपल्या वाद्याच्या सुरांनी गुहेची शिळा हलवणारा हिरासुका आहे. हिस्लॉपने ऐकलेली कथा आणि आजची कथा यांत फरक आहेत. असू देत. त्यावर बोलायचा हक्क ज्यांची कथा आहे त्यांचा.

शिळा, पक्षी, नाग, वाद्य वाजवणारा माणूस. एका लांब संरक्षक भिंतीवर याहून चांगला विषय नागपूरला कुठून मिळणार? आणि तरी मी असं म्हणणार नाही की उद्या माझ्या दहावीच्या पोरांना ही कथा द्या आणि रंगवून घ्या. कोणती दृश्यं काढायची, कोणाला चेहरा द्यायचा आणि कोणाला नाही, हे त्यांना विचारा ज्यांच्या घरात चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे ही सगे-सोयऱ्यांची गणना अजून लग्न जुळवताना वापरली जाते. परधान कुटुंबं यवतमाळ-चंद्रपुरात आहेत, त्यांच्यात किंगरी वाजवणारेही होऊन गेले आहेत. नागपूर शहरात गोंड, माडिया, कोरकू, गोवारी, हलबा अशा कित्येक घरांतली शिकलेली मुलं वसतिगृहांत राहतात. त्यांतल्या एकालाही बैठकीत खुर्ची मिळालेली मी पाहिलेली नाही. ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाच्या मिरवणुकीला मात्र बंदोबस्त चोख असतो.

काही खुणा भिंतीवर आणूच नका, हेही लिहून ठेवतो. मेळघाटात कोरकू आपल्या मृतांसाठी सागवानी फळी कोरतात. वर सूर्य-चंद्र, मध्ये घोडेस्वार. भामरागडकडे माडिया लोक मृतांसाठी दगड उभे करतात. दोन्ही फार देखणे आहेत, आणि दोन्ही कोणाच्या तरी आजोबांचे आहेत. कोणी सल्लागार प्रवासात फोटो काढून आणेल आणि 'विदर्भ मोटिफ' म्हणून सादर करेल, ही भीती मला खरोखर वाटते.

आता टिकाऊपणाचा मुद्दा. तुमच्या निविदेत रंगाची हमी मागितलेली असते, इतकी वर्षं फिका पडू नये, निघू नये. नागपूरचं ऊन आणि पाऊस पाहता ते समजण्यासारखं आहे. पण भिंतीवरच्या चित्राची परंपरा जवळपास सगळीकडे उलटी चालते. झारखंडच्या हजारीबाग भागात सोहराई हा दिवाळीनंतरचा जनावरांचा सण, तेव्हा बायका घर पुन्हा सारवून भिंती नव्याने रंगवतात. लग्नाच्या मोसमात खोवर काढतात. काळ्या मातीवर पांढरी माती फासायची, ती ओली असतानाच कंगव्याने किंवा बोटांनी खरवडून खालचा काळा रंग वर आणायचा. चित्र पुसलं जाणार हे माहीतच असतं, कारण पुढच्या वर्षी पुन्हा हात फिरवायचा असतो. सासूचा हात पाहून सून शिकते ती याचमुळे. चित्र पाच वर्षं टिकलं तर शिकणार कोण आणि कधी? आपल्याकडेही दिवाळीला पूर्व विदर्भातल्या गावांत घरं पोतारली जातात, गायगोधनाच्या दिवशी जनावरं रंगतात. सिमेंटच्या खांबावर छुई-गेरू टिकणार नाही हे मला मान्य आहे, आणि सिमेंटला मातीचं सोंग द्यायचंही कारण नाही. अ‍ॅक्रिलिक चालेल. पण एखादी भिंत अशी ठेवा की जिचं काम दर दिवाळीला पुन्हा निघेल, त्याच बायकांच्या गटाला, आधीचं पुसून नवं काढायला. खर्च देखभालीतून निघेल. तसेही तुम्ही अधिवेशनाआधी दर वर्षी रंगवताच.

कायद्याचंही पाहा. वारली चित्राला २०१४ मध्ये आणि हजारीबागच्या सोहराई-खोवरला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. मध्य प्रदेशच्या गोंड पेंटिंगलाही २०२३ मध्ये मिळालं. या कायद्यात अधिकृत वापरकर्त्यांची नोंद असते. म्हणजे तुम्हाला खरा वारली चित्रकार हवा असेल तर तो कुठे सापडेल हा प्रश्नच उरत नाही. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र तर नागपुरातच आहे आणि महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड ही तिन्ही राज्यं त्याच्या कक्षेत येतात. कलावंत बोलावणं, त्यांचा प्रवास, मुक्काम, मानधन, हे सगळं त्यांच्या रोजच्या कामातलं आहे.

मग अडतं कुठे? दरपत्रकात. त्यात प्राइमर आहे, इमल्शनचे दोन हात आहेत, परांची आहे, मजुरी आहे. चित्र कोणाचं, याला रकानाच नाही. रकाना नाही म्हणून रक्कम नाही, आणि सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला काम, म्हणून जो चित्रकाराला काहीच देत नाही तो नेहमी जिंकतो. या एका रकान्याने निम्मं काम होईल. संकल्प आणि चित्रकाराचं मानधन अशी स्वतंत्र, आधीच ठरलेली रक्कम ठेवा, जिच्यावर बोली लागणार नाही. भिंतीच्या कोपऱ्यात ठेकेदाराच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत चित्रकाराचं नाव आणि गाव लिहा. देवाचं किंवा पूर्वजाचं चित्र असेल तर ते काढायचं की नाही, हे त्या समाजाच्या माणसांनी सही करून सांगावं, आणि ते नाही म्हणाले तर चित्र नाही. जागेचीही यादी करा. मुतारी, कचरापेटी, पानठेला यांच्या शेजारच्या भिंतींवर फक्त फुलं-पानं किंवा नुसता रंग. आणि जी मुलं परांचीवर चढणार आहेत त्यांना काम सुरू होण्याआधी अर्धा दिवस तरी त्या चित्रकारासोबत बसू द्या. माझ्या मुलांनी बंद गोल काढला तो त्यांना हात नाही म्हणून नव्हे. तारपाकऱ्याकडे पाठ करायची नसते, हे त्यांना सांगायला कोणी आलंच नाही.

भुरीबाईंची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. झाबुआकडच्या पिटोल गावची ही भिल्ल बाई भारत भवनाच्या बांधकामावर मजूर होती. स्वामिनाथन यांनी तिला विचारलं, तुमच्या घरी भिंतीवर काय काढता, ते काढून दाखव. २०२१ मध्ये तिला पद्मश्री मिळाली. तुमच्या चालू कामावर सिमेंट कालवणारे मजूर छिंदवाडा, बालाघाट, गोंदिया, गडचिरोलीतून आलेले असतात. पद्मश्रीचं सोडा, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

या पत्राची प्रत मी वसतिगृहातल्या मुलांनाही देतो आहे, म्हणजे तुम्ही बैठक बोलावलीत तर त्यांना विषय माहीत असेल. पुढच्या कामाचा मसुदा पक्का होण्याआधी बोलवावं, छापून झाल्यावर नको. शनिवारी आमची शाळा सकाळची असते. दुपारी बारानंतर मी येऊ शकतो.

आपला,
नागपुरातला एक चित्रकला शिक्षक